महापौराचं बटण

२०२६ च्या पुणे महापालिकेच्या निवडणुकीआधी, भोगीच्या सकाळी दोन मुली आमच्याकडे मतदानाचं मशीन घेऊन आल्या. पुठ्ठ्याचं होतं, पण हुबेहूब. वरून खाली चार पट्ट्या: पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी. प्रत्येक पट्टीत एकाच पक्षाचं नाव आणि चिन्ह, बाकीच्या रांगा कोऱ्या. बटण दाबलं की आतून खेळण्यातल्या गाडीसारखा 'पीं' असा आवाज यायचा. आई स्वयंपाकघरात भोगीच्या भाजीत तिळाचं कूट घालत होती. ती हात पुसत बाहेर आली, चष्मा नाकावर सरळ केला आणि मुलीने सांगितल्याप्रमाणे चारही बटणं एकापाठोपाठ एक दाबली.

"आजी, परवा पण असंच. पांढरं, गुलाबी, पिवळं, निळं. चारही झाली की मोठ्ठा आवाज येतो. तो आला की बाहेर यायचं."

आईने ते पुठ्ठ्याचं मशीन हातात घेतलं, पालथं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"आणि महापौराचं कुठंय?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. कॉलेजातल्या असाव्यात, गळ्यात पक्षाची उपरणी, पायांत धुळीने माखलेल्या सँडल. दिवसाला किती घरं करायची हे त्यांना सांगून पाठवलेलं असणार. ह्या प्रश्नाचं उत्तर कुणी सांगून पाठवलेलं नव्हतं.

"त्याचं नसतं आजी," एकजण म्हणाली.

"का नसतं? आमच्या धाकटीला होतं की."

आईचं बरोबर होतं. मावशी सासवडला असते. डिसेंबरात नगरपरिषदेला तिने नगराध्यक्षासाठी वेगळं मत दिलं होतं आणि लगेच फोन करून ते आईला सांगितलंही होतं. राज्यातल्या नगरपरिषदांत नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांनी, ह्यावर सरकारं पंचवीस वर्षं झोका खेळतायत. २००१ ला थेट, मग पुन्हा नगरसेवकांतून, २०१६ ला परत थेट, मग रद्द, मग परत थेट. ज्याला जे सोयीचं ते. महानगरपालिकेत मात्र हा झोका कधी बांधलाच नाही. उत्तर प्रदेशात, मध्य प्रदेशात लोक महापौराला स्वतः मत देतात. आपल्याकडे सासवडचा माणूस आपल्या गावाचा पहिला नागरिक निवडतो, पुण्यातला निवडत नाही. पुण्यातल्या माणसाच्या हातात चार नगरसेवक. पुढचं ते नगरसेवक बघतात, आणि नगरसेवकांचं त्यांचे पक्ष बघतात.

हे सगळं मी आईला समजावलं. ती म्हणाली, "मग दहा दिवस ती रिक्षा काय बोंबलतीये?"

रिक्षा 'महापौर आपलाच' म्हणून बोंबलत होती. आमच्या गल्लीतून रोज तीन वेगवेगळ्या पक्षांच्या रिक्षा जायच्या आणि तिघींचाही महापौर आपलाच असायचा. गटाराचं, कचऱ्याच्या गाडीचं, पहाटे चारला येणाऱ्या आणि पावणेपाचला जाणाऱ्या पाण्याचं नाव एकीच्याही गाण्यात नव्हतं. तिकडे मुंबईत महापौर मराठीच होणार की कोण, ह्यावर टीव्हीवर रोज रात्री नरडी सुकत होती. आमच्याकडे राज्याच्या मंत्रिमंडळात एका पंगतीला बसणारे पक्ष पुण्यात एकमेकांच्या ताटात माती कालवत फिरत होते. आणि ज्या माणसासाठी हे सगळं, तो कोण, कुठला, पुरुष की बाई, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असणं शक्यच नव्हतं. महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत ह्या वेळी निकाल लागल्यावर निघाली. आधी मत, मग चिठ्ठी, मग महापौर.

'महापौर' हा शब्द सावरकरांनी घडवलेला. 'मेयर'ला इतका भारदस्त प्रतिशब्द दुसऱ्या कुठल्या भाषेने दिला असेल असं वाटत नाही. शब्द उच्चारला की छाती आपोआप पुढे येते. खुर्चीचं वजन मात्र शब्दाच्या निम्मंही नाही. मुंबई सोडून बाकीच्या महापालिका १९४९ च्या कायद्यावर चालतात, आणि त्या कायद्याने कारभाराची चावी दिलीय आयुक्ताच्या हातात. पैशांचं बघते सोळाजणांची स्थायी समिती. महापौर सर्वसाधारण सभा चालवतो, पाहुण्यांना हार घालतो, पहिला नागरिक म्हणून मिरवतो. जुन्या मुंबईत हे इतकं उघड होतं, की महापौरपद दरवर्षी एकेका धर्माच्या माणसाकडे द्यायचं असा संकेतच होता. पदाला वजन आणायचं ते माणसाने. युसुफ मेहरअली १९४२ साली मुंबईचे महापौर होते, ते आज कुणाला ठाऊक असतील तर 'छोडो भारत' ह्या घोषणेमुळे. पुण्यात १९७४ साली भाई वैद्य महापौर झाले आणि पुढच्याच वर्षी आणीबाणीत तुरुंगात गेले. खुर्ची सोन्याची असल्याचा भास आता आपल्याला होतो, कारण ती कुणाच्या बुडाखाली आहे त्यावर आमदारकी, खासदारकी, टीव्हीवरचे हिरवे-भगवे-निळे नकाशे ठरतात. 'पालिका कुणाची' ह्याचं एका शब्दातलं उत्तर म्हणजे महापौर. बाकी त्याने आमच्या नळाला पाणी येत नाही.

वडलांचा ह्या बाबतीतला हिशेब सरळ होता. ते म्हणायचे, "लोकसभेला मत विचाराला, वॉर्डात मत माणसाला." तेव्हा आम्ही पेठेत वाड्यात राहायचो. १९९२ ची निवडणूक मला आठवते, कारण तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि प्रचार हा फुकट मिळणाऱ्या बिल्ल्यांचा उत्सव होता. आम्ही पोरं सगळ्या पक्षांचे बिल्ले शर्टाला लावून सगळ्यांच्याच मिरवणुकीत 'ताई माई अक्का, विचार करा पक्का' ओरडत जायचो, आणि शेवटच्या 'वर मारा शिक्का'च्या आधी कुठलं चिन्ह घालायचं हे पुढचा माणूस कोण आहे ते बघून ठरवायचो. वॉर्डाला एकच नगरसेवक. तोही असा, की सकाळी दूध आणायला आमच्याच डेअरीवर यायचा. मत मागायला आला तेव्हा आमच्या दिवाणावर पाय वर घेऊन बसला आणि वडलांनी त्याला चहा होईस्तोवर मागच्या मोरीचं चेंबर दाखवायला नेलं. झाकण उचलायला लावलं. इस्त्रीचा लेंगा वर धरून तो माणूस वाकला, आत बघितलं, आणि म्हणाला, "नाना, हे माझ्या घरामागं पण असंच आहे." वडलांनी त्याला मत दिलं. त्याच्या पक्षाला त्यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुठल्या निवडणुकीत मत दिलं नाही. चेंबर दुरुस्त झालं का, हे मला आठवत नाही. झाकण उचललेलं आठवतं.

मुंबईत अजूनही एका वॉर्डाला एक नगरसेवक आहे. बाकी शहरांत वॉर्डाचा प्रभाग झाला आणि प्रभाग रबरासारखा ताणला गेला. २००२ ला तीनजणांचा, २००७ ला पुन्हा एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. पुण्यात तेव्हा ४१ प्रभाग आणि १६२ नगरसेवक झाले. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ३१ लाखांच्या वर. भागून बघा, एका प्रभागात पाऊण लाख माणसं येतात. पाऊण लाख माणसांत कोण कुणाच्या मोरीचं झाकण उचलणार? पाऊण लाखांत ओळख चालत नाही, चिन्ह चालतं. पक्षांना हेच हवं होतं आणि त्यात लपवण्यासारखंही काही नव्हतं. चौघांच्या पॅनेलमध्ये एक बैल ओढणारा असतो, बाकीचे तीन नुसते जुवाला बांधलेले. एक गट अनुसूचित जातीसाठी, एक ओबीसीसाठी, दोन महिलांसाठी, अशी आरक्षणाची जुळणी झाली की चारही फोटो एका फ्लेक्सवर बसतात आणि वरच्या कोपऱ्यात मोठ्या साहेबांचा चेहरा सगळ्यांपेक्षा मोठा. अपक्षाने ह्यात शिरायचं कुठून?

आमच्या वहिनी शिरल्या होत्या.

वहिनी म्हणजे आमच्या सोसायटीतल्या, समोरच्या विंगमधल्या. आम्ही पेठ सोडून सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहायला आलो तेव्हा इथे निम्म्या बिल्डिंगांना टँकर लागायचा. कुठल्या लाईनला किती वाजता पाणी सुटतं, चावीवाला कुणाच्या सांगण्यावरून कुठला व्हॉल्व्ह अर्धाच फिरवतो, टँकर बिलात किती खेपांचा आणि प्रत्यक्षात किती खेपांचा, ह्या सगळ्याची वही वहिनींकडे होती. दोनशे पानी, कव्हर घातलेली, मुलाच्या शाळेच्या उरलेल्या वह्यांतली. ती वही घेऊन त्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन बसायच्या. बसायच्या म्हणजे अक्षरशः. साहेब जेवायला गेले की डबा उघडून तिथेच जेवायच्या. दोन वर्षांत आमच्या पट्ट्यातल्या अकरा सोसायट्यांचं पाणी त्यांनी सरळ केलं. २०१७ ला 'ब' गट, म्हणजे गुलाबी पट्टीची जागा, महिलांसाठी निघाला तेव्हा सगळ्यांनीच म्हटलं, वहिनी, उभ्या राहा. सगळ्यांत मोठ्याने मी म्हटलं.

तिकीट अर्थातच कुणी दिलं नाही. अपक्ष, चिन्ह कपबशी. मी रजा टाकून चार दिवस स्लिपा वाटल्या. यादी फोडणं काय असतं ते तेव्हा कळलं: मतदारयादीचं एकेक पान बिल्डिंगप्रमाणे वेगळं करायचं, मेलेल्यांवर फुली, लग्न होऊन गेलेल्या मुलींवर गोल, भाडेकरू असेल तर प्रश्नचिन्ह. एका घरात सात मतं दिसायची आणि दार उघडायला एक म्हातारी यायची. जिना चढून वर गेलो की पहिला प्रश्न एकच: "कुठल्या पक्षाकडून?" कुठल्याच नाही म्हटलं की चेहऱ्यावर थोडी कीव यायची. "बाई चांगली आहे हो, पण..." 'पण'च्या पुढे कुणी काही बोलायचं नाही. स्लिप मात्र सगळे घ्यायचे.

मतदान २१ फेब्रुवारीला होतं. आदल्या रात्री माझ्या शाळेतला एक मित्र भेटायला आला. तो पॅनेलचं काम करत होता, आणि ते पॅनेल ज्या पक्षाचं, त्याला मी एरवी मत देत आलो होतो. तो वहिनींबद्दल एक शब्द वाईट बोलला नाही, हे त्याचं कसब. उलट म्हणाला, "वहिनींसारखं काम आमच्या चौघांत कुणी केलेलं नाही, हे मी तुला लिहून देतो. पण एकटी बाई सभागृहात जाऊन करणार काय? महापौर आपला बसवायचा तर ब्याऐंशी लागतात. एकेक मोजून. आणि इथं अपक्षाला टाकलेलं मत म्हणजे तिकडच्याला अर्धं मत. तूच बघ." चहा पिऊन गेला. जाताना आईच्या पाया पडला.

बूथमध्ये पुठ्ठ्याच्या आडोशामागे मशीन ठेवलेली. पांढऱ्या पट्टीवर मी आमच्या नेहमीच्या चिन्हाचं बटण दाबलं, कारण तिथला एकही उमेदवार मला माहीत नव्हता. गुलाबी पट्टीवर कपबशी खाली होती, अपक्षांच्यात. सापडली. बोट तिथवर गेलंही. मला ते बोट आजही दिसतं. नखात स्लिपांचा डिंक होता, आदल्या दिवशीचा. आणि डोक्यात 'ब्याऐंशी' होतं. ब्याऐंशी, एकेक मोजून. जणू ब्याऐंशीवा मीच. बोट वर गेलं आणि नेहमीच्या चिन्हावर दाबलं गेलं. पिवळ्या आणि निळ्यावर विचार करायची गरजच उरली नव्हती. लांब आवाज आला, मी बाहेर आलो आणि रांगेत उभ्या असलेल्या वहिनींच्या नवऱ्याला अंगठा दाखवला.

मोजणी मशीनवार होते, त्यामुळे कुठल्या बूथवर किती पडली ते उमेदवाराला कळतं. वहिनींना आमच्या बूथवर सदतीस पडली. निकालानंतर दोन दिवसांनी त्या जिन्यात भेटल्या. हातात भाजीची पिशवी होती.

"आपल्या सोसायटीचीच शंभरावर मतं आहेत भावजी. कुठं गेली असतील?"

"पॅनेलचा वारा होता वहिनी," मी म्हणालो. "लोकांना कळत नाही."

लोकांना! मला तेव्हा जीभ चावायलाही सुचलं नाही.

मार्चमध्ये मुक्ता टिळक पुण्याच्या महापौर झाल्या. त्यांच्या निवडीचा फोटो पेपरात पाहिला आणि तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, की ही निवडणूक मी टीव्हीवरसुद्धा बघितलेली नाही. ती सभागृहात होते. नगरसेवक हात वर करतात, कुणीतरी मोजतं, झालं. बहुमत काठावर असलं की त्याआधी 'सहल' असते, म्हणजे आपल्या माणसांना गाडीत घालून कुठल्यातरी रिसॉर्टवर न्यायचं आणि मतदानाच्या सकाळीच परत आणायचं. पक्षादेश बजावायचा, गट नोंदवायचा. मतदाराने फुटू नये म्हणून जी काळजी घेतली जाते, तिच्या दसपट काळजी निवडून आलेल्याने फुटू नये म्हणून घ्यावी लागते. आणि तरी फुटायचे ते फुटतातच. अहमदनगरला २०१८ च्या डिसेंबरात शिवसेनेचे २४ नगरसेवक आले, सगळ्यांत जास्त. महापौर झाला १४ वाल्या भाजपचा, राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध गल्लोगल्ली गळा काढला त्यांच्याच मतांवर. जळगावला त्याहून भारी. ७५ पैकी ५७ भाजपचे, म्हणजे शंकेला जागाच नाही. २०२१ च्या मार्चमध्ये करोनामुळे सभा ऑनलाईन झाली आणि महापौर शिवसेनेचा निघाला, ४५ विरुद्ध ३० मतांनी. जळगावातही कुणीतरी कुणाला सांगितलं असेल, महापौर आपला बसवायचाय, एकेक मोजून. तिथेही कुणाचं तरी बोट कपबशीवरून वर सरकलं असेल.

पक्षच नकोत असं माझं म्हणणं नाही. अपक्षांची पालिका म्हणजे बाजार, हे मलाही कळतं. हरेकाचा भाव वेगळा, एवढंच. लोकसभेला, विधानसभेला मी चिन्ह बघूनच मत देतो आणि देत राहीन. माझी तक्रार त्या 'महापौरा'बद्दल आहे, जो मला निवडायचाच नव्हता, ज्याचं बटणच मशीनवर नव्हतं, आणि ज्याच्यासाठी मी मशीनवर असलेलं बटण सोडलं. तक्रार म्हणताना बोट पुन्हा स्वतःकडेच वळतं. मित्राने फसवलं नव्हतं. त्याने हिशेब खरा सांगितला होता.

२०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं पुण्याला ना नगरसेवक होता ना महापौर. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण, प्रभागरचनेचं प्रकरण, कोर्टाच्या तारखा. प्रशासक कारभार बघत होता. ह्या चार वर्षांत 'आपला महापौर नाही हो' म्हणून हळहळणारा एक माणूस मला भेटलेला नाही. चावीवाल्याचं काय झालं म्हणून विचारणारे रोज भेटायचे, आणि ते सगळे वहिनींकडेच जायचे. नगरसेवक नसल्याने वही पुन्हा निघाली होती. ती वही आता तिसरी.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, मी आईला धरून शाळेपाशी घेऊन गेलो. गेटपासून शंभर मीटरांवर पक्षांची टेबलं लागलेली. सावलीतल्या टेबलापाशी गर्दी होती. पिवळा कागद अंथरलेला, त्यावर यादी, वर दगड म्हणून तिळगुळाचा डबा. गर्दी थोडी हटली आणि टेबलामागे वहिनी दिसल्या. गळ्यात उपरणं. २०१७ ला ज्या पॅनेलने त्यांना पाडलं, त्याच चिन्हाचं.

मी थबकलो. त्यांनी वर बघितलं आणि ओळखीचं हसल्या.

"या भावजी. आई, तुम्ही बसा इथं खुर्चीवर." मग त्यांचं बोट यादीवरून सरसर खाली गेलं. पानं त्यांनी बिल्डिंगप्रमाणे वेगळी करून, टाचून ठेवली होती. मेलेल्यांवर फुली, गेलेल्यांवर गोल. माझ्या वडलांच्या नावावरही फुली होती, पट्टी धरून मारलेली. "तुमचा ४१२, आईंचा ४१३. खोली तीन." त्यांनी दोन स्लिपा फाडून माझ्या हातात दिल्या, आईच्या तळहातावर तिळगूळ ठेवला.

"तुम्ही इकडे, वहिनी?" मी विचारलं.

"बोलावलं त्यांनी. म्हटलं पाण्याचं बघणार असाल तर येते." त्या पुढच्या पानाला थुंकी लावत म्हणाल्या, "आणि बाहेरून काही होत नाही हो. ते मागच्या वेळी कळलं ना आपल्याला."

'आपल्याला' म्हणाल्या. मी स्लिपा खिशात घातल्या, परत काढल्या.

"ह्या वेळी सोपंय भावजी. चारही आपलेच."

मागे माणसं खोळंबली होती. मी आईचा हात धरून निघालो. तिने तोंडातला तिळगूळ एका गालात सारला आणि कुजबुजली, तेही असं की टेबलापर्यंत ऐकू जावं:

"ह्यांना विचार की, महापौराचं."